जुन्या स्विफ्टचे पुढचे बंप स्टॉप झिजलेत, शॉकअप न बदलता फक्त तेच बदलता येतील का?
हो, शॉकअप गळत नसतील तर नुसते बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारे फोमचे तुकडे) बदलता येतात, पण दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच जोडणीत असतात. फोमचा हा स्टॉप शॉकअपच्या दांड्यावर, डस्ट कव्हरच्या आत बसतो. त्यामुळे स्ट्रट बाहेर काढावाच लागतो. स्प्रिंग कंप्रेसरने स्प्रिंग पुरेशी दाबल्याशिवाय वरचा मधला नट अजिबात सोडू नका, ती उसळली तर जिवावर बेततं. दांड्यावरचा जुना भुगा नीट पुसा, नाहीतर ऑइल सील खराब होतं. फाटलं असेल तर डस्ट कव्हरही तेव्हाच बदला. नवा स्टॉप मूळ उंचीचाच घ्या. उंच घेतला तर गाडी छोट्या खड्ड्यातही आपटते. शेवटी चाकांचं अलाइनमेंट तपासा. दांडा तेलाने ओला दिसला तर मात्र शॉकअपही जोडीने बदला, कारण गळका शॉकअप नवे स्टॉप लवकरच फोडतो.