मोडशी, पटकी आणि स्वल्पविराम

सोलापूरच्या एका ताईंनी विचारलंय : "पोट बिघडलं की आमची आजी 'मोडशी झाली' म्हणते. हा शब्द 'मोडणे'वरून आला का? आणि मोडशी म्हणजेच पटकी का?"

ताई, पहिल्याचं उत्तर हो. 'अंग मोडून येणं' म्हणतो, त्यातलंच हे मोडणं. दुसऱ्याचं उत्तर : पूर्वी होय, आता नाही.

आज मोडशी म्हणजे अजीर्ण, दोन-चार जुलाब. ओवा चावला की उतार पडतो. पण एके काळी कोकण-गोव्यात हे कॉलऱ्याचंच, म्हणजे पटकीचंच, नाव होतं. गार्सिया द ऑर्टा या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात ते नोंदवलंय. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचं 'मोर्देशीं' झालं आणि फ्रेंचांनी तर त्यात आपल्या भाषेतलं 'मोर द शियँ' ऐकलं, म्हणजे कुत्र्याचं मरण! आपल्या मोडशीचा एवढा प्रवास वाचला तेव्हा मी कितीतरी वेळ त्या पानावरच होतो.

आणि नाव किती अचूक! कॉलऱ्याच्या जंतूचं विष आतड्यात शरीरातलं पाणी ओढून काढतं. काही तासांत डोळे खोल जातात, गाल बसतात, पायांत पेटके येतात. धडधाकट माणूस खरोखर मोडतो.

पटकी हा आपल्या भागातला नेहमीचा शब्द, 'तुला पटकी येवो' या शिव्येत अजून जिवंत असलेला. तिची साथ म्हणजे मरी, म्हणून मरीआई. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या वारीत ही साथ पुन्हा पुन्हा उसळायची. इथल्या गावोगावच्या मरीआईच्या देवळांकडे पाहताना मला ते आठवतं. संस्कृतातली विसूचिका मात्र 'सूची'वरून, सुया टोचल्यागत वेदना देणारी.

शास्त्रज्ञांनी नाव दिलं ते जंतूकडे बघून. फ्लॉरेन्सच्या पाचिनीने १८५४ मध्ये त्याला 'व्हिब्रिओ' म्हटलं, लॅटिनमधल्या थरथरण्यावरून. एकाच शेपटीच्या जोरावर तो सुळकन पळतो. कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्याहून त्याचं वर्णन केलं ते स्वल्पविरामासारखा वाकडा म्हणून. जुलाबाचाच दुसरा जंतू कँपिलोबॅक्टर, त्याचाही ग्रीक अर्थ वाकडी काठी.

तेव्हा आजीची मोडशी घरात खुशाल वापरा. पण तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होत असतील, जी पटकीची खूण, तर डॉक्टरांना 'मोडशी' सांगू नका, 'धुवणासारखे' असंच सांगा.