आत्मचरित्रांवर संशोधन करून पुढे काय?

प्रश्न : माझी मुलगी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय मराठी. एम.ए. करून आत्मचरित्रांवर संशोधन करायचं म्हणते. दुसऱ्यांच्या आयुष्याच्या कहाण्या वाचून नोकरी लागते का? आधी बी.एड. करून घे, असं माझं म्हणणं आहे. आपण काय सुचवाल?
– एक पालक, बार्शी

उत्तर : नमस्कार. 'आत्मचरित्राचे अभ्यासक पाहिजेत' अशी जाहिरात तुम्हाला कुठे दिसणार नाही, हे आधीच सांगतो. जागा निघतात त्या मराठीच्या सहायक प्राध्यापकाच्या, अनुवादकाच्या, संपादकाच्या. म्हणून पदवी मराठीचीच असू द्या. आत्मचरित्र हे त्यातलं तिचं खास क्षेत्र राहील.

पण 'कहाण्या वाचणं' हे तुमचं वर्णन काही मला पटलं नाही. एकच घर घ्या. महर्षी कर्व्यांचं 'आत्मवृत्त' १९१५ सालचं. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचं 'माझे पुराण' १९४४ साली आलं. १८९३चा पुनर्विवाह, मुरुडकरांनी, म्हणजे कर्व्यांच्या गावकऱ्यांनी, घातलेला बहिष्कार, संस्थेपायी झालेली संसाराची ओढाताण – प्रसंग बरेचसे तेच, पण सांगणारा माणूस बदलला की घर वेगळं दिसू लागतं. कोणी काय सांगितलं, काय गाळलं, कोणासाठी लिहिलं, हे पुराव्यानिशी दाखवणं म्हणजे हा अभ्यास. त्याला इतिहास लागतो, भाषेचा कान लागतो आणि पुष्कळ चिकाटी लागते.

शिवाय मराठीत यासाठी साहित्य भरपूर आहे. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंनी अभंगांतून स्वतःचं आयुष्य सांगितलं. पुढे रमाबाई रानडे, लक्ष्मीबाई टिळक, गोव्याहून बौद्ध धर्माच्या शोधात निघालेले धर्मानंद कोसंबी, आणि १९७८मध्ये दया पवारांचं 'बलुतं'. फिलीप लजून या फ्रेंच समीक्षकाने १९७५मध्ये मांडलं, की मुखपृष्ठावरचा लेखक, गोष्ट सांगणारा आणि गोष्टीतला माणूस हे तिघं एकच, असा आत्मचरित्राचा वाचकाशी करार असतो. तो 'बलुतं'ला लावून बघा. तिथे दगडू मारुती पवार आपली हकीकत दया पवारांनाच ऐकवतो! करार मोडला म्हणायचा की पाळला? मला विचाराल तर या एका प्रश्नावर एम.ए.चा चांगला प्रबंध होईल.

आता पोटापाण्याचं. एम.ए.ला किमान ५५ टक्के आणि त्यावर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, हा प्राध्यापकीचा सरळ रस्ता. (राखीव प्रवर्गांना गुणांत सवलत आहे.) सेट महाराष्ट्र आणि गोव्यापुरती चालते, नेट देशभर. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो, म्हणजे पीएच.डी.चा भार घरावर पडत नाही. जेआरएफ सेटमधून मिळत नाही, म्हणून तिने आधी नेटच्या मागे लागावं. कायमच्या जागा मात्र कमी निघतात आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, वर्षानुवर्षं काढणारे नेटधारक मी रोज बघतो. फक्त प्राध्यापकीवर भिस्त ठेवू नका.

दुसरं एक कौशल्य आत्तापासून हाताशी हवं. माझा कौल शब्दांकनाला, म्हणजे दुसऱ्याने सांगितलेलं आयुष्य लिहून देण्याला. अभिनेत्री हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' अरुण साधूंनी शब्दांकित केलं होतं. आजही उद्योजक, डॉक्टर, निवृत्त अधिकारी यांना आपलं आयुष्य पुस्तकात यावं असं वाटतं आणि लिहिता येत नाही. तासन्‌तास ऐकून घेणं, तारखा ताडून पाहणं, बोलणाऱ्याचा सूर न हरवता मजकूर बांधणं, हे ज्याला जमतं त्याला काम मिळतं. मानधन मात्र आधी लेखी ठरवावं. या व्यवहारात संकोच फार नडतो. इंग्रजी चांगलं असेल तर अनुवादही आहे. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' आणि ऊर्मिला पवार यांचं 'आयदान' माया पंडित यांच्या अनुवादांमुळे इंग्रजी वाचकांपर्यंत गेलं. त्यातून नाव होतं, पैसा बेताचाच.

तिची आवड खरी आहे का, हे मात्र तपासा. कर्वे पती-पत्नींची ही दोन्ही पुस्तकं तिला वाचायला द्या. दोघांनी एखादा प्रसंग कसा वेगळा सांगितला, यावर चार पानं लिहायला सांगा आणि तिच्याच प्राध्यापकांना दाखवा. लिहिताना तिला तिसरं पुस्तक, जुनं मासिक, एखादं पत्र शोधावंसं वाटलं, तर ती संशोधनाची मुलगी आहे. चार पानं लिहिण्याचाच कंटाळा आला, तर ती चांगली वाचक आहे. मग पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं तिच्या गळ्यात घालू नका.

बी.एड.बद्दल : ते एम.ए.नंतरही करता येतं. शाळेत शिकवायची तिची स्वतःची इच्छा असेल, तरच आधी करावं. केवळ 'हाताशी असू दे' म्हणून दोन वर्षं घालवू नयेत, कारण बी.एड.नंतरही शिक्षकभरतीसाठी वेगळ्या परीक्षा आहेतच. तूर्त तिसऱ्या वर्षाचे गुण सांभाळायला सांगा आणि एम.ए.च्या प्रवेशाच्या तारखांवर तुम्ही लक्ष ठेवा.