वाचकांचे प्रश्न : आयव्हरी कोस्टची यादवी आणि तेथील वर्तमानपत्रे

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात ‘वर्तमानपत्रेच यादवी पेटवतात’ या विषयावर वादविवाद स्पर्धा आहे. मी विषयाच्या बाजूने बोलणार असून आयव्हरी कोस्टचे उदाहरण घेतले आहे. ते टिकेल का?
— एक विद्यार्थिनी, अमळनेर

उत्तर : निम्मे टिकेल. पश्चिम आफ्रिकेतील या देशात भांडणाचे मूळ छापखान्यात नव्हते. कोकोच्या मळ्यांत राबण्यासाठी बुर्किना फासो आणि माली येथून आलेले मजूर पिढ्यान्‌पिढ्या तेथेच स्थायिक झाले होते, आणि कोकोचे भाव कोसळून लोकांच्या पोटाला चिमटा बसू लागला तेव्हा ‘खरा इथला कोण’ हा प्रश्न राजकारण्यांच्या पथ्यावर पडला. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचे आई-वडील दोघेही याच देशाचे असावेत, अशी अट १९९४ च्या निवडणूक कायद्याने घातली आणि उत्तरेत मोठा पाठिंबा असलेले माजी पंतप्रधान अलासान वातारा शर्यतीतून बाद झाले. सप्टेंबर २००२ च्या बंडानंतर देश दुभंगला : दक्षिणेत आबिजान हे सर्वांत मोठे शहर आणि अध्यक्ष लोराँ बाग्बो, उत्तरेत बुआके शहर आणि बंडखोर.

वर्तमानपत्रांनी या आगीत तेल ओतले, हे मात्र नाकारता येत नाही. ‘नोत्र व्वा’ बाग्बोंच्या तेव्हाच्या पक्षाचे, तर ‘ल पात्रियोत’ वातारांच्या बाजूचे. खप बेताचाच, पण आबिजानमध्ये सकाळी स्टॉलवर सगळ्या दैनिकांची पहिली पाने टांगलेली असतात आणि भुसावळ स्थानकावर गाडीची वाट पाहणारे जसे फुकटात मथळे वाचून घेतात, तसे तेथे घोळके जमतात. फरक इतकाच, की तेथे त्या मथळ्यांवरून जागीच वाद रंगतो. अंक विकत न घेता बनणारे हे मत संपादकांना चांगले ठाऊक असते, त्यामुळे भडक मथळा आणि आत दोन परिच्छेद, हा प्रकार तेथे मुरला. (आपल्याकडेही तो अगदीच अनोळखी नाही.)

तरीही खरे हत्यार होते ते सरकारी रेडिओ आणि दूरचित्रवाणी. नोव्हेंबर २००४ मध्ये सरकारी विमानांनी बुआके येथे केलेल्या हल्ल्यात युद्धबंदी टिकवण्यासाठी तेथे असलेले नऊ फ्रेंच सैनिक मेले, फ्रान्सने त्या देशाची लढाऊ विमाने उद्ध्वस्त केली आणि सरकारी वाहिनीवरून लोकांना रस्त्यावर उतरण्याची हाक देण्यात आली. त्यानंतर झालेल्या लुटालुटीत हजारो परदेशी नागरिकांना देश सोडावा लागला. बाग्बो विरुद्ध वातारा अशा झालेल्या २०१० च्या निवडणुकीनंतर तर निवडणूक आयोगाचे प्रवक्ते कॅमेऱ्यांसमोर आकडे वाचणार, तोच बाग्बोंच्या गटाच्या प्रतिनिधीने त्यांच्या हातातले कागद ओढून फाडून टाकले. पुढे आयोगाने वातारांना सुमारे ५४ टक्के मते दिली, अंतिम निकाल जाहीर करणाऱ्या घटना परिषदेने उत्तरेतील काही भागांची मते रद्द करून बाग्बोंना ५१ टक्क्यांवर नेले, आणि ४ डिसेंबरला दोघांनीही शपथ घेतली. वातारांच्या समर्थकांनी १६ डिसेंबरला मोर्चा वळवला तो दूरचित्रवाणी केंद्राकडे, राष्ट्राध्यक्षांच्या निवासाकडे नव्हे. सुरक्षा दलांनी गोळीबार केला आणि माणसे मेली. पुढील चार महिन्यांत सुमारे तीन हजार लोकांचा बळी गेला.

प्रतिस्पर्धी तुम्हाला एका ठिकाणी नक्की अडवतील. ऑक्टोबर २००३ मध्ये रेडिओ फ्रान्स इंटरनॅशनलचे वार्ताहर जाँ एलेन आबिजानच्या पोलीस मुख्यालयाबाहेर, अटकेतील विरोधकांच्या सुटकेची वाट पाहत थांबले असताना, एका पोलिसाने त्यांच्या डोक्यात गोळी झाडली. कोको व्यवहारांचा माग काढणारे गी-आंद्रे किफेर एप्रिल २००४ पासून बेपत्ता आहेत. अशा माणसांना आणि चिथावणीखोर मथळेकारांना एकाच तागडीत टाकणारा विषय मला तरी पटत नाही. विरुद्ध बाजूने बोलण्याची मुभा असेल, तर ती घ्या.

प्रश्न : बाग्बोंना शिक्षा झाली का?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : ११ एप्रिल २०११ रोजी त्यांना अटक झाली आणि हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात खटला चालला, पण जानेवारी २०१९ मध्ये ते निर्दोष सुटले, मार्च २०२१ मध्ये तो निकाल कायम झाला. मायदेशी मात्र बँक लुटीच्या प्रकरणात त्यांना शिक्षा ठोठावली होती. २०२२ मध्ये माफी मिळूनही त्यांचे नाव मतदार यादीत परत आले नाही, म्हणून २०२५ ची निवडणूक त्यांना लढवता आली नाही. ती वातारांनी जिंकली, चौथ्यांदा.