अटीतटीच्या प्रायमरीत आकडे का हलतात?

प्रश्न : २०१८ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात गव्हर्नरपदाच्या रिपब्लिकन प्रायमरीचे (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाचे) आकडे मतदानानंतरही आठवडाभर बदलत होते. हा गैरप्रकार होता का?

उत्तर : नाही. मतदानाच्या रात्रीचे आकडे अनधिकृतच असतात. ७ ऑगस्टच्या मतदानानंतर इच्छुक उमेदवार क्रिस कोबाक हे प्रतिस्पर्धी जेफ कॉलियर यांच्यापेक्षा जेमतेम १९१ मतांनी पुढे होते. मग थॉमस काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आकडा ताडून पाहिला गेला. कॉलियर यांना तिथे ५२२ मतं होती, राज्याच्या संकेतस्थळावर मात्र ४२२ लागली होती. एक अंक चुकला आणि शंभर मतं गायब! म्हणून उमेदवाराच्या माणसांनी सर्वांत आधी काउंटीचा कागद आणि राज्याचा आकडा शेजारी ठेवून पाहावेत.

टपाली मतपत्रिकांवर मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का असला, तर त्या पुढचे तीन दिवस स्वीकारल्या जात होत्या. ज्यांच्या नोंदणीबद्दल शंका असते, त्यांची तात्पुरती मतं बंद पाकिटात राहतात. पात्रता तपासूनच ती मोजतात.

१४ ऑगस्टला कॉलियर यांनी हार मानली. अंतिम फरक ३४३ मतांचा. तिथे फेरमोजणी आपोआप होत नव्हती, मागणाऱ्याला खर्चाची हमी द्यावी लागे. फ्लोरिडात मात्र फरक अर्धा टक्का किंवा कमी असला की यंत्राने फेरमोजणी होते.