‘हर्षद संख्या’तला हर्षद कोण?

प्रश्न असा आहे: “१२३४५६७८९८७६५४३२१ ही हर्षद संख्या आहे असं वाचलं. हा हर्षद कोण? ‘हर्षदची संख्या’ असं लिहिलं तर चालेल का?”

नाही चालणार, कारण हर्षद इथे माणूस नाही, विशेषण आहे. हर्ष देणारी ती हर्षद. सुखद, दुःखद, वरद या शब्दांतला ‘द’ तोच हा, ‘दा’ म्हणजे देणे या संस्कृत धातूचा. पाणी देतो तो जलद, म्हणजे ढग. (जलद गाडीतला ‘जलद’ वेगळा; तो फारसीतून आला.) संख्या स्त्रीलिंगी, म्हणून संस्कृतात ‘हर्षदा’ झालं असतं. मराठीत आपण ‘सुखदा बातमी’ म्हणत नाही, ‘सुखद बातमी’ म्हणतो. तेव्हा ‘हर्षद संख्या’ हेच बरोबर.

हा शब्द दिला देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी. संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग गेला की ती हर्षद. १८ घ्या: १ आणि ८ मिळून ९, आणि नवाने १८ला भाग जातो. १९ला दहाने जात नाही, म्हणून ती हर्षद नाही. एवढ्या साध्या गोष्टीत त्यांना हर्ष दिसला आणि त्यांनी तो नावातच ठेवला, हे मला फार आवडतं. गोंधळ होतो तो इंग्रजीमुळे. तिथे हा शब्द बरेचदा कॅपिटल अक्षराने लिहितात, शिवाय याच संख्यांना ‘निव्हेन संख्या’ असंही म्हणतात. निव्हेन मात्र खरोखरच गणितज्ञ होते, आयव्हन निव्हेन.

आता तुमची सतरा अंकी संख्या. अंकांची बेरीज ८१. भागून पाहिलं तर उत्तर येतं १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. असं का, तेही पाहण्यासारखं आहे. ही संख्या म्हणजे नऊ एक्क्यांचा, १११११११११चा, वर्ग. त्या नऊ एक्क्यांना नवाने भाग जातो (भागाकार १२३४५६७९, यात आठ गायब!), म्हणून वर्गाला नऊ नवे एक्क्याऐंशीने जाणारच. उलटीकडून वाचली तरी तीच, ते वेगळंच.

गंमत म्हणजे या संख्येला कापरेकरांचंच दुसरं नावही लागू होतं: डेम्लो संख्या. (११, १११ अशा नुसत्या एक्क्यांच्या संख्यांचे असे वर्ग या नावाने ओळखले जातात.) हे मात्र विशेषनाम. मुंबईजवळच्या, तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवरच्या एका स्थानकाचं ते नाव. तिथे त्यांना या संख्यांची कल्पना सुचली. म्हणजे ‘डेम्लो’चा अर्थ शोधायला रेल्वेच्या नकाशाकडे जायचं आणि ‘हर्षद’चा शोधायला शब्दकोशाकडे.

कापरेकर स्थिरांक म्हणून प्रसिद्ध असलेली ६१७४ही हर्षदच आहे. अंकांची बेरीज १८, भागाकार ३४३.