काहीही त्रास होत नसताना रक्तदाबाची गोळी आयुष्यभर का घ्यावी?

आपण लिहिले आहे की तीन निरनिराळ्या दिवशी आपला वरचा रक्तदाब १५० ते १५६ आणि खालचा ९४ ते ९८ भरला, डॉक्टरांनी गोळी सुरू करायला सांगितली, पण आपल्याला डोकेदुखी, चक्कर, धाप यांपैकी काहीही होत नाही. शिवाय ‘एकदा लागलेली गोळी सुटत नाही’ असे चार माणसे बजावतात, तेव्हा ती घ्यावी की टाळावी. माझ्या मते घ्यावी. उत्तर येथेच संपवता आले असते, परंतु ‘मला काहीच त्रास नाही’ हे आपले वाक्य माझ्या मोठ्या भावाने अकरा वर्षांपूर्वी जसेच्या तसे उच्चारले होते आणि त्या वाक्याशी असलेले माझे भांडण अजून मिटलेले नाही.

दादा तेव्हा ५१ वर्षांचा होता. कार्यालयातील वार्षिक तपासणीत त्याचा रक्तदाब १६४/१०२ भरला, तेव्हा तो हसला. ‘मी आयुष्यात कधी कोणावर आवाज चढवला आहे का? मग मला कसला आला रक्तदाब?’ असा त्याचा सवाल होता आणि घरातील सर्वांना तो बिनतोड वाटला, कारण दादासारखा थंड डोक्याचा माणूस आमच्या नात्यागोत्यात दुसरा नाही. या गैरसमजाचा निम्मा दोष मी आपल्या बोलण्याच्या सवयीला देतो. ‘उगाच माझे बीपी वाढवू नकोस’ असे आपण संतापाच्या भरात म्हणतो, मालिकांमध्ये वाईट बातमी ऐकताच छातीवर हात ठेवून कोसळणारे वडील आपण वर्षानुवर्षे पाहतो आणि हायपरटेन्शन या शब्दातले ‘टेन्शन’ म्हणजे मनावरचा ताण, असे धरून चालतो. प्रत्यक्षात तो ताण रक्तवाहिनीच्या भिंतीवरचा आहे. राग आला की रक्तदाब घटकाभर चढतो आणि उतरतो, तो आजार नव्हे. अत्यंत शांत माणसाचाही रक्तदाब रात्रंदिवस चढलेला असू शकतो, आणि त्याला त्याची जाणीव होण्याचे काही कारण नसते. जगभरात ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे त्यांपैकी जवळपास निम्म्या प्रौढांना तो वाढल्याचे ठाऊकच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते सगळे लोक काही चिडके नसणार.

वहिनीच्या आग्रहाखातर दादाने अ‍ॅम्लोडिपिनची रोज एक गोळी सुरू केली. चार महिन्यांनी रक्तदाब १३०/८४ आला आणि त्याच संध्याकाळी त्याने स्वतःला बरे झाल्याचे जाहीर करून गोळी बंद केली. मी त्याला म्हटले की हा आकडा गोळीमुळे उतरला आहे. बांधामुळे पाणी अडले हे पाहून आता बांधाची गरज नाही असे ठरवण्यासारखे हे आहे. त्यावर तो मला गोळ्यांचा वकील म्हणाला आणि हे बिरुद मला आजतागायत चिकटलेले आहे. गोळ्यांची उरलेली पट्टी त्याने टेबलाच्या खणात ठेवली आणि डोके दुखले तर तेवढ्यापुरती एक घ्यायची असा स्वतःचा नियम केला. रक्तदाबाच्या गोळीचा याहून निरुपयोगी वापर मला तरी सुचत नाही, कारण बहुतेकांचे डोके रक्तदाबाने दुखत नाही, आणि ज्या दिवशी ते दुखत नाही त्या दिवशी रक्तदाब उतरलेला असतो असेही नाही.

एकोणीस महिने असे गेले. एके सकाळी त्याला सदऱ्याचे बटण लावता येईना. हाताला मुंग्या आल्या असतील, थोड्या वेळाने जातील, असे म्हणत तो खुर्चीत बसून राहिला. वहिनीने काही विचारले तेव्हा त्याचे शब्द घरंगळू लागल्याचे तिच्या ध्यानात आले. तोवर बराच वेळ गेला होता, आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनसाठी लक्षणे सुरू झाल्यापासून जे साडेचार तास हाताशी असतात ते उलटून गेले होते. मेंदूच्या खोल भागातली एक बारीक रक्तवाहिनी बंद पडली होती. दादा आज चालतो, बोलतो, स्वतःची सर्व कामे करतो, फक्त त्याच्या उजव्या हाताचे अक्षर परत आले नाही आणि बँकेत त्याला नव्याने सही नोंदवावी लागली. परंतु मला त्या दिवसांतली खरी हादरवणारी गोष्ट वेगळीच वाटली. तपासण्यांमध्ये त्याच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झालेली दिसली आणि लघवीतून प्रथिने जात असल्याचे आढळले. हे काही एका सकाळीत घडत नाही. म्हणजे ज्या वर्षांत दादा ‘मला काहीच त्रास नाही’ म्हणत होता, त्या सर्व वर्षांत त्याच्या हृदयाला आणि मूत्रपिंडांना त्रास होत होता; त्यांनी तो दादाला कळवला नव्हता इतकेच.

आता दादाचा युक्तिवाद ऐका, कारण आपल्याला सल्ला देणारी चार माणसे याच वळणाने जातील. तो म्हणतो, झटका गोळी सोडल्यामुळे आला हे कबूल. पण मुळात सुरूच केली नसती तर सोडण्याचा प्रश्न आला नसता, शरीराला सवय लागली नसती. हे ऐकायला चतुर वाटते. क्लोनिडिन नावाचे एक जुने औषध एकाएकी थांबवले तर रक्तदाब उसळून पूर्वीपेक्षाही वर जाऊ शकतो आणि हृदयाची गती मंदावणारी बीटा-ब्लॉकर गटातली औषधेही झटकन तोडू नयेत, हे खरे आहे. दादाच्या बाबतीत मात्र ते लागू पडत नाही. अ‍ॅम्लोडिपिनचे शरीरातले प्रमाण निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात, त्यामुळे त्याचा परिणाम काही दिवसांत हळूहळू ओसरतो आणि रक्तदाब जिथे होता तिथे परत जातो. सवय लागते ती व्यसनाची. येथे मूळ आजारच आयुष्यभराचा आहे, म्हणून औषध आयुष्यभराचे आहे. हे मी दादाला नऊ वर्षांत किती वेळा सांगितले याची मोजदाद नाही. आपण अनोळखी असल्यामुळे कदाचित ऐकून घ्याल.

दादाला मी अडाणी म्हणणार नाही, कारण तो जे बोलतो ते एके काळी नामांकित हृदयरोगतज्ज्ञही बोलत. पॉल डडली व्हाइट या अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञांनी १९३१ साली लिहिले होते की वाढलेला रक्तदाब ही शरीराने स्वतःहून केलेली महत्त्वाची भरपाई असू शकते आणि ती काबूत आणणे शक्य असले तरी तिच्यात ढवळाढवळ करू नये. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होता. त्या काळच्या डॉक्टरांच्या हाती विश्रांती, मिठाचे पथ्य आणि हृदयासाठी डिजिटॅलिस यांपलीकडे फारसे काही नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी चित्रकारासमोर बसलेले असताना त्यांनी डोके भयंकर दुखत असल्याची तक्रार केली, ते कोसळले आणि ६३ व्या वर्षी मेंदूतील रक्तस्रावाने गेले. तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० नोंदला गेला. महायुद्ध चालवणाऱ्या माणसाला मिळू शकली नाही ती गोळी दादाच्या खणात पडून होती, हे मी त्याला एकदा ऐकवले, त्यावर तो तीन दिवस माझ्याशी बोलला नाही.

चित्र पालटले ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारी थायझाइड गटातली औषधे आल्यावर आणि विशेषतः १९६७ साली, जेव्हा अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी केलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खालचा रक्तदाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी ७३ जणांना औषध आणि ७० जणांना हुबेहूब दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत गंभीर गुंतागुंतीच्या २७ घटना घडल्या, औषध घेणाऱ्यांत दोन. ते पुरुष आपल्यापेक्षा पुष्कळ अधिक धोक्यात होते, त्यामुळे तेच प्रमाण आपल्याला लागू करता येणार नाही. पण धोक्याची उतरंड एकच आहे. सुमारे दहा लाख प्रौढांची माहिती एकत्र करून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसले की ४० ते ६९ या वयात ११५/७५ पासून पुढे वरचा रक्तदाब २० ने किंवा खालचा १० ने वाढला की पक्षाघाताने आणि हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूचा धोका दुप्पट होतो किंवा त्याहूनही वाढतो. म्हणजे १५५ हा आकडा ‘थोडासा जास्त’ नव्हे.

औषध कंपन्यांनी गिऱ्हाइके वाढवण्यासाठी मर्यादा १४० वरून १३० वर आणली, हा संदेश आपल्यालाही कोणी ना कोणी धाडेल. अमेरिकेतील हृदयरोगविषयक संस्थांनी २०१७ साली व्याख्या १३०/८० पर्यंत खाली आणली आणि तेथील रक्तदाबग्रस्त प्रौढांचे प्रमाण कागदावर सुमारे ३२ वरून ४६ टक्क्यांवर गेले, हे खरे आहे. मात्र त्या वाढीव लोकांपैकी बहुतेकांना गोळी नव्हे तर मीठ, वजन, मद्य आणि व्यायाम यांच्याकडे लक्ष देण्यास सांगितले गेले. गोळी सुचवलेल्यांचे प्रमाण जेमतेम दोन टक्क्यांनी वाढले. शिवाय हा वाद १३० आणि १४० यांच्या मधल्या लोकांचा आहे. आपण त्या दोन्ही रेघांच्या पलीकडे उभे आहात.

आपल्या प्रश्नाचा खरोखर महत्त्वाचा आणि मी आतापर्यंत टाळलेला भाग हा, की आपले आकडे खरे आहेत का. पुष्कळांचा रक्तदाब डॉक्टरांसमोरच चढतो. दंडावर बांधायचे यंत्र आणून आठवडाभर सकाळी व रात्री दोन-दोनदा मोजावे. त्यापूर्वी पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, गप्प बसावे, लघवीला जाऊन यावे, दंड हृदयाच्या पातळीवर असावा आणि पट्टा दंडाच्या मापाचा असावा, कारण तोकडा पट्टा आकडा फुगवून दाखवतो. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी घ्यावी. घरी ती १३५/८५ च्या वर राहिली तर आजार आहे असे धरावे. खाली आली तर माझे सारे वकिलीपत्र बाजूला ठेवून डॉक्टरांशी नव्याने बोलावे.

मी डॉक्टर नाही, हेही आता सांगितले पाहिजे. गोळीचे त्रास असतात: अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजू शकतात, काही औषधांनी कोरडा खोकला येतो, वयस्कर माणसांना उठून उभे राहताना अंधारी येऊन ती पडू शकतात. अशा वेळी औषध बदलून मागावे, मनाने तोडू नये. आणि ‘आयुष्यभर’ या शब्दालाही अपवाद आहेत. चांगले वजन उतरवलेल्या, मीठ खरोखर कमी केलेल्या काही जणांची मात्रा डॉक्टर घटवतात, क्वचित गोळी थांबवूनही पाहतात, पण ते मोजत राहून, महिन्या-दोन महिन्यांच्या देखरेखीखाली.

दादा आता रोज दोन गोळ्या घेतो आणि डाव्या हाताने वहीत आकडे लिहितो. गेल्या आठवड्यात मी ती वही चाळली. १२६/८० या नोंदीपुढे त्याने वाकड्या अक्षरांत लिहिले होते, ‘सकाळच्या फिरण्याचा परिणाम’. मी पेन मागितले, तर त्याने वही मिटून घेतली.