वाचकांचे प्रश्न : जेनरेट ब्लॉकचा आकडा का बदलला?

प्रश्न : व्हेरिलॉग या हार्डवेअर-वर्णनाच्या भाषेतल्या टेस्टबेंचमध्ये (डिझाइन तपासणाऱ्या कोडमध्ये) मी 'टॉप.जेनबीएलके२.यू_मेम.डेटा' या पाथने (बाहेरून आतपर्यंतच्या नावांच्या साखळीने) मेमरी वाचत होतो. 'जेनबीएलके२' हे बिननावी जेनरेट ब्लॉकला आपोआप मिळालेलं नाव. डिझायनरने त्या ब्लॉकच्या वर एक नवा इफ-जेनरेट (अट जुळली तरच हार्डवेअर घालणारा भाग) घातला. त्याला रीतसर नाव दिलंय, तरी माझा पाथ सापडेनासा झाला. नाव असलेल्या ब्लॉकमुळे बिननावी ब्लॉकचा आकडा का बदलावा? सिम्युलेटरची चूक आहे का?

उत्तर : सिम्युलेटर बरोबर आहे. आकडा ब्लॉकला मिळत नाही, जेनरेट कन्स्ट्रक्टला, म्हणजे ब्लॉक ज्यात असतो त्या अख्ख्या इफ किंवा फॉर रचनेला मिळतो. एका स्कोपमध्ये (नावं लागू असतात त्या हद्दीत) कोडच्या क्रमाने पहिल्याला १, पुढच्याला २, असं मोजलं जातं. आणि या मोजणीत नाव दिलेले कन्स्ट्रक्टही धरले जातात. म्हणून तुमचा दोन नंबरचा आता तीन झाला. २००५ च्या व्हेरिलॉग मानकात हे स्पष्ट लिहिलंय, व्हेरिलॉगची पुढची भाषा असलेल्या सिस्टिमव्हेरिलॉगनेही तेच ठेवलं. इतकंच काय, कुणी 'जेनबीएलके३' नावाचा सिग्नल त्याच स्कोपमध्ये जाहीर केला, तर ब्लॉकचं नाव 'जेनबीएलके०३' होतं!

आता कृपा करून पाथमधल्या दोनचा तीन करून मोकळे होऊ नका. बिननावी ब्लॉकला हायरार्किकल पाथमध्ये (तुमच्यासारख्या टिंबांनी जोडलेल्या पाथमध्ये) वापरता येईल असं नावच नाही, असं मानक म्हणतं. 'जेनबीएलके' हे बाहेरच्या टूल्सना ओळख पटावी म्हणून दिलेलं नाव आहे. बरेच सिम्युलेटर कोडमध्येही ते चालवून घेतात, त्यामुळे सवय लागते. तुम्हाला एरर तरी आली. समजा, आता दोन नंबरवर आलेल्या कन्स्ट्रक्टचा ब्लॉकही बिननावी असता आणि त्यातही 'यू_मेम' असती, तर तुमचा जुना पाथ बिनबोभाट तिला जाऊन चिकटला असता आणि टेस्ट भलत्याच मेमरीवर पास झाली असती. व्हेरिफिकेशन करणाऱ्याला याहून वाईट काही नाही.

डिझायनरकडून 'बिगिन'च्या पुढे कोलन देऊन नाव लिहून घ्या, उदाहरणार्थ 'जी_मेम'. इफ आणि एल्स दोन्हीकडे हेच नाव चालतं, कारण दोन्हींतला एकच ब्लॉक प्रत्यक्षात येतो. पॅरामीटर (इफची अट ठरवणारी किंमत) बदलला तरी 'टॉप.जी_मेम.यू_मेम.डेटा' हा पाथ तसाच राहतो. आतल्या इन्स्टन्सचं (इथे 'यू_मेम') आणि सिग्नलचं (इथे 'डेटा') नाव मात्र दोन्हीकडे सारखं हवं.

फॉर-जेनरेट (तोच ब्लॉक अनेकदा घालणारा लूप) असेल तर नावापुढे कंसात इंडेक्स येतो, 'जी_बँक[३]' असा, आणि तो स्थिर असावा लागतो. टेस्टबेंचच्या इनिशियल ब्लॉकमधला (सिम्युलेशन सुरू होताच चालणाऱ्या कोडमधला) साधा लूप व्हेरिएबल तिथे चालणार नाही. सगळ्या बँका वाचायच्या असतील तर टेस्टबेंचमध्येही जेनव्हार (जेनरेट लूपचा खास व्हेरिएबल) घेऊन जेनरेट लूप लिहा, त्यात असाइनने प्रत्येक बँकेचा डेटा एका अ‍ॅरेत आणा आणि तो अ‍ॅरे हव्या त्या व्हेरिएबलने वाचा.